बाराव्या पायरीचं तापमान

पिवळी मी होते. बाहेर सगळं हिरवंगार होतं. पडवीतल्या खाटेवरून मान जरा उचलली की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दिसायच्या, त्यांच्यामागे तलावाची उंच मातीची पाळ आणि पाळीवरून सावकाश चालणाऱ्या म्हशी. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. मी मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होते आणि भादव्यात कावीळ घेऊन करडीला, आमच्या गावी, येऊन पडले होते. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दीड-दोन महिने खाटेवरून हलायचं नाही, तेल-तूप बंद, आणि डोळ्यांना ताण नको. मग मी ताक-भात खायचे आणि दिवसातून कितीतरी वेळा झोपून कितीतरी वेळा उठायचे. सकाळ आहे की संध्याकाळ, हे मायच्या हातात कुठलं भांडं आहे त्यावरून ओळखायचं.

मायने सगळा भार डॉक्टरवर टाकला नव्हता. नदीपलीकडच्या एका म्हाताऱ्याकडून तिने काविळीची माळ आणली. बारीक काड्यांची, डोक्यावर बसेल एवढी. ती वाढत वाढत गळ्यात उतरते आणि ती उतरेल तशी कावीळ उतरते, असं म्हणतात. बाबा पक्के बुद्धिवादी. छप्पन्न साली दीक्षा घेतल्यापासून आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद होते. त्यांनी माळ पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं. मी मात्र रोज फूटपट्टीने ती मोजायचे. माळ खरंच वाढत होती.

"माय, काड्या सुकून राहिल्या, म्हणून गाठी सैल होते," मी म्हटलं.

"होऊ दे ना सैल. तुले बरं व्हायचं हाये का गाठी मोजाच्या हाये?"

 मी माळ डोक्यावर ठेवून झोपून गेले.

दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून माझ्या मार्गदर्शकांचं पत्र आलं. पोस्टमनने ते बाबांच्या हातात दिलं आणि बाबांनी ते मला वाचून दाखवलं. इंग्रजी पत्र, पण बाबा ते वर्गात धडा वाचावा तसं वाचत होते, स्वल्पविरामाला थांबून. युरोपातल्या एका प्रयोगशाळेत प्रतिद्रव्य तयार करण्याचा प्रयोग चालला होता, त्यातला एक छोटा तुकडा आमच्या संस्थेकडे होता आणि तो मी करत होते. त्यांना दिवाळीच्या आत एक अंदाज हवा होता: प्लाझ्माचं तापमान क्षणाक्षणाला किती असेल. पत्राच्या शेवटी एक ओळ होती. ज्याचं गणित तिकडे जाईल, तो माणूसही एका वर्षासाठी तिकडे जाईल.

मला जायचं होतं. हे मी आज शांतपणे लिहिते, पण तेव्हा छातीत असं काही धडधडलं की बाबांनी पत्र खाली ठेवून माझी नाडी पाहिली.

"हे प्रतिद्रव्य म्हंजे काय असते?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. आपलं सगळं जग ज्या कणांचं बनलंय, त्या प्रत्येक कणाचा एक उलटा जोडीदार असतो. तो आपल्याकडे सापडत नाही, बनवावा लागतो. धातूच्या तुकड्यावर प्रचंड वेगाचे कण आपटले की जो चुरा उडतो, त्यात हे उलटे कण थोडेसे असतात, आणि कढईतल्या लाह्यांसारखे ते चौफेर उडतात. त्यांना एका दिशेला वळवून गोळा करायला मागे एक नळी ठेवायची. नळीत वायू भरायचा आणि त्यातून डोळ्याच्या पापणीलाही कळणार नाही इतक्या कमी वेळात जबरदस्त वीज सोडायची. वायू तापून त्याचा प्लाझ्मा होतो. त्यातून धावणाऱ्या विजेचं चुंबकत्व उडणाऱ्या कणांना आत ओढतं. पण वीज नळीत कुठे किती धावेल, हे त्या प्लाझ्माच्या तापमानावर ठरतं. तापमान चुकलं की ओढ चुकली, आणि कण भिंतीवर जाऊन संपले.

"म्हंजे लाह्या सुपात घ्याच्या, अन् सूप इजेचं," बाबा म्हणाले.

संस्थेत संगणक होता. इथे होती कावीळ. पण गणित तसं साधं करता येण्यासारखं होतं. वेळेचे बारीक तुकडे पाडायचे, मी त्यांना पायऱ्या म्हणायचे. प्रत्येक पायरीवर विजेमुळे उष्णता किती आली, उजेडाच्या रूपाने किती निघून गेली, भिंतीला किती गेली, आणि उरली त्यावरून नवं तापमान किती. ते तापमान घेऊन पुढची पायरी. अशा चाळीस पायऱ्या. एकेका पायरीला दीड-दोन तास लागणार. मला वही डोळ्यांसमोर धरायला मनाई होती.

"मी करतो ना," बाबा म्हणाले. "तू सांग, मी करतो."

छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. दोन वर्षं रिकामा होता; सकाळी तलावाच्या पाळीवर फिरून येणे आणि दुसऱ्यांच्या मुलांना रस्त्यात अडवून पाढे विचारणे, एवढाच उद्योग. त्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून लॉगटेबल काढलं, टोपी नीट केली, आणि खाटेशेजारी पाट टाकून बसले. माझा कॅलक्युलेटर मी देऊ केला, पण बटणांवर त्यांचा भरवसा नव्हता. कच्च्या कामासाठी त्यांच्याकडे जुन्या वार्षिक परीक्षांच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता, रद्दीत न घातलेला. एका बाजूला पोरांची गणितं, दुसरी बाजू कोरी. कोऱ्या बाजूवर आमचा प्लाझ्मा तापू लागला.

ते दिवस मला अजून स्वप्नात असल्यासारखे आठवतात. बाहेर धान निसवत होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या, त्याचा तो दुधाळ, ओलसर वास पडवीपर्यंत यायचा. मी डोळे मिटून सूत्र सांगायचे, बाबांची पेन्सिल कागदावर चालायची, मध्येच लॉगटेबलाचं पान उलटायचं. मी झोपायचे. जाग यायची तेव्हा बाबा म्हणायचे, "सहावी झाली. छत्तीस हजार." मी म्हणायचे, "बरं," आणि पुन्हा झोपायचे. झोपेत मी त्या नळीत असायचे. ती आमच्या तलावाएवढी रुंद असायची, आत जांभळट उजेड असायचा, आणि माय गुडघाभर उजेडात वाकून धानाची रोवणी करत असायची. मी तिला विचारायचे, माय, चटका लागत नाही का? ती म्हणायची, सवय हाये. तापमान कुठून तरी दुरून, बाबांच्या आवाजात ऐकू यायचं. जागेपणी मी त्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन्सिल थांबवून विचारलं, "रोवणी कितव्या पायरीवर होती?" चेष्टा करत होते की खरंच विचारत होते, कोण जाणे. त्या दिवसांत मी फार सुखी होते. आजारी माणसाने असं म्हणू नये, पण होते.

अडतिसावी, एकोणचाळिसावी, चाळिसावी. दसऱ्याच्या आधी गणित संपलं. बाबांनी पक्क्या कागदावर, सुवाच्य अक्षरात, चाळीस तापमानं ओळीने लिहिली. चढत गेलेली, कुठे खळगा नाही, कुठे अडखळ नाही. मी एकदा वरून नजर फिरवली, सही केली. बाबांनी मोहाडीच्या पोस्टात जाऊन ते रजिस्टर केलं आणि येताना मला ऊस आणला.

मग मला बसायची परवानगी मिळाली. आणि बसल्या बसल्या करायला काही नव्हतं, म्हणून मी कच्च्या कागदांचा गठ्ठा मांडीवर घेतला.

अकराव्या पायरीपर्यंत सगळं ठीक होतं. चौपन्न हजार अंश. बाराव्या पायरीच्या कागदावर उत्तर आलं होतं एक्कावन्न. त्यावर एक तिरकी रेघ, आणि बाजूला छप्पन्न. तेराव्या पायरीवर हिशेबाप्रमाणे उत्तर येत होतं पंचावन्न. तिथे तिरकी रेघ, आणि एकोणसाठ. चौदावीलाही तसंच थोडं उचललेलं. पुढे एकही खाडाखोड नाही.

मी बाराव्या पायरीचं गणित पुन्हा केलं. एक्कावन्नच येत होतं. तेच घेऊन तेरावी केली, तर एकोणपन्नास. तापमान खाली जात होतं. आणि पाहता पाहता मला कळलं की ते जायलाच हवं होतं. एका विशिष्ट तापमानाला तो वायू असा काही उजळतो की आत येणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त उष्णता उजेड होऊन बाहेर पळते. तापत असतानाच तो थंड होतो. त्या खळग्यातून वर यायला त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात कण निघूनही जातात. तो खळगा हीच खरी बातमी होती, आणि आमच्या पक्क्या कागदावर तो नव्हता.

मी कागद उलटा केला. मागच्या बाजूला कुठल्याशा चौथीतल्या पोरीचा पेपर होता. शेवटी बेरीज केलेले गुण बत्तीस. त्यावर तीच तिरकी रेघ, आणि बाजूला पस्तीस.

मी दुसरे कागद उलटवले. सगळेच तसे नव्हते, पण पुष्कळ होते. आणि जिथे रेघ होती तिथे वर नाव मुलीचं होतं.

बाबा आंघोळ करून आले तेव्हा मी कागद समोर धरला. माझा आवाज चढलाच.

"बाबा, हे कोणं केलं?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. लपवाछपवी काही नाही. "मीच बदलवलो."

"काहून?"

"अवं, वीज तर वाढूनच राहिली होती ना? चुलीत जाळ वाढते, अन् वरचा पाण्याचा गंज थंडा होते, असं कधी होते का? मले वाटलं, तू झोपेत सूत्र चुकीचं सांगतली. तुले उठवावं नाई वाटलं. अन् थोडंसंच कमी पडून राहिलं होतं. तीन जागी हात देल्लो. पुढं तर थे आपल्या पायानंच चढलं ना?"

खरं होतं ते. गणित तसंच होतं. त्या उंबरठ्यावरून एकदा उचलून पलीकडे ठेवलं की पुढचं तापमान आपोआप चढत जाणार. ते त्यांना जेवढं बरोबर कळलं होतं, तेवढंच ते चूक होतं. मी कागद उलटा करून पोरीचे गुण दाखवले.

"अन् हे?"

बाबा पाटावर बसले. टॉवेलने कान पुसत म्हणाले, "बत्तीसवाली पोरगी घरी बसते, बाई. तिचा बाप दुसऱ्या दिवशीपासून तिले बांधीत नेते. पस्तीसवाली पाचवीत जाते. तीन गुणानं काय होते? मी तर पाह्यलो हाये, पुढं चांगल्या शिकतात."

"बाबा, हे पोरगी नाई! हे तापमान हाये! यावर दया नाई करता येत!"

माय चुलीजवळून उठून दारात आली. मी आणखी बरंच बोलले. मला जायचं आहे, आणि या तीन आकड्यांमुळे माझं नाव कायमचं खराब होईल, लोक हसतील, नळी चुकीची बनेल, आणि तुम्हाला काय त्याचं. ज्या माणसाने जवळजवळ महिनाभर पाटावर बसून माझ्यासाठी पाठ मोडून घेतली होती, त्याला मी हे ऐकवलं.  वर्गात चुकलेल्या मुलासारखे बाबा माझ्याकडे न बघता कागदाकडे बघत होते. मला लाज वाटत होती आणि तरी मी थांबत नव्हते.

शेवटी मायच म्हणाली, "आता तार करा. भांडून काय तापमान उतरते का?"

तारेचा मजकूर मी लिहिला. तापमानांचा तक्ता चुकीचा आहे, बाराव्या पायरीपासून पुढचं धरू नये, दुरुस्त तक्ता पाठवत आहे. एवढंच. शास्त्रज्ञाने आपली चूक आपण दुरुस्त करावी, तसं. बाबा सकाळच्या एसटीने भंडाऱ्याला गेले, तारघरात कागद दिला आणि दुपारी परत आले. जेवले, हात धुतले, आणि पाट घेऊन खाटेशेजारी बसले.

"सांग बारावीपासून," म्हणाले.

पुन्हा एकोणतीस पायऱ्या. या वेळी मी झोपले नाही. एक्कावन्न, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. प्रत्येक घसरता आकडा लिहिताना बाबांची पेन्सिल क्षणभर कागदावर अडायची, मग लिहायची. सहा-सात पायऱ्या तापमान तिथेच खाली रेंगाळत राहिलं. अठराव्या पायरीला ते पहिल्यांदा थोडंसं वर सरकलं, आणि बाबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तपासलं. बरोबर होतं. त्या वेळी आम्ही दोघंही हसलो असू. बाहेर लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी सुरू झाली होती, बांधीतून बायांचे आवाज येत होते, आणि आमचा प्लाझ्मा हळूहळू खळग्यातून बाहेर येत होता. दिवाळीच्या चार दिवस आधी दुरुस्त तक्ता गेला.

थंडीत मी मुंबईला परतले. माझ्या मार्गदर्शकांनी मला समोर बसवलं. तक्ता त्यांनी संगणकावर तपासून घेतला होता. खळगा होता, आम्ही काढला त्यापेक्षा जरा उथळ, पण त्याच जागी. तिकडच्या लोकांनी तो मानला होता आणि नळीचा आराखडा बदलायला घेतला होता. मी खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी खणातून माझी तार काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं. त्याच्यापुढे, माझ्या कागदावर नसलेले शब्द होते. "मिस्टेक माइन. फिगर्स चेंज्ड बाय फादर. डॉटर सिक अँड ब्लेमलेस."

भंडाऱ्याच्या तारघरात, काउंटरवर उभं राहून, त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं असणार. इंग्रजी चुकू नये म्हणून आधी मनात दोनदा म्हणून पाहिलं असणार. तार मी पुन्हा पहिल्यापासून वाचली. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी पुढे काय येणार ते कळत होतं.

"गणित वडिलांनी केलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"सगळं?"

"सूत्रं माझी होती. आकडेमोड त्यांची."

माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. तिकडे नाव पाठवताना त्यांना लिहून द्यावं लागत होतं की हे काम या व्यक्तीने स्वतः केलं आहे. ते आता त्यांना लिहिता येणार नव्हतं. तार नुसती माझ्या वाक्यापाशी थांबली असती तर लिहिता आलं असतं, हेही त्यांनी सांगितलं, दिलगिरीच्या सुरात. माझ्याऐवजी दुसरा विद्यार्थी गेला. माझं जाणं त्या वर्षापुरतंच हुकलं नाही. मी पुढेही कधी गेले नाही. पीएचडी झाली, नोकरी लागली, आयुष्य चांगलं गेलं. पण जांभळट उजेडाची ती नळी मी डोळ्यांनी कधी पाहिली नाही.

उन्हाळ्यात गावी गेले. बाबा एसटीच्या थांब्यावर घ्यायला आले होते. पिशवी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि पाळीच्या रस्त्याने आम्ही चालू लागलो. तलाव आटला होता, मधोमध थोडं पाणी आणि त्यात बगळे. माझ्या मनात वाटभर तीच तार होती. विचारावं, का लिहिलंत? सांगावं, त्या तीन वाक्यांनी काय केलं? मी संतापलेली होते, खोटं कशाला बोलू. सबंध हिवाळा संतापलेली होते.

"तार पोचली होती ना वेळेवर?" बाबांनीच विचारलं.

"पोचली होती."

"त्यांले समजलं ना, तुही चूक नोहोती म्हणून?"

"समजलं, बाबा. त्यांनी नळी बदलवली. आपला खळगा बरोबर निघाला."

ते थांबले. चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. थोडं चालून त्यांनी विचारलं, "अन् तुहं जाणं?"

"या वर्षी कोणालेच नाई पाठवून राहिले. पैशे नाईत म्हणते त्यांच्याकडं."

"माह्यामुळं तर नाई ना?"

"नाई," मी म्हटलं. ठामपणे, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

छत्तीस वर्षं मुलांच्या डोळ्यांत बघून खरं-खोटं ओळखण्यात गेलेला माणूस. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"बरं," म्हणाले. "चाल, माय जेवाची थांबली हाये."